बारापैकी बारा साध्य

लहान मुलांच्या विशेष शाळेची शिक्षिका व्हायचं म्हणून मी लातूरला पदविकेला नाव घातलं, तेव्हा आमच्या उमरीच्या घरी पाहुण्यांनी सुतकातल्यासारखी तोंडं केली. ज्या लातुरात गल्लीगल्लीतून डॉक्टर निघतात, तिथं जाऊन ही पोरगी काय शिकणार, तर चार वर्षांच्या लेकराला पाणी मागायला कसं शिकवायचं ते. मामा म्हणाला, "एवढ्यासाठी लातूरला जाऊन राहिली का तू? हे तर कुणाच्याबी आईला येतं." मला त्याचा लई राग आला होता. आता तेवढा येत नाही. कारण पहिल्या वर्षात मी जे शिकले ते खरंच कुणाच्या आईला येत नसेल. मी समास आखायला शिकले.

डावीकडं दोन बोटं, उजवीकडं एक, मथळा हिरव्या स्केचपेननं, खाली दुहेरी रेघ. आमच्या मॅडम फाइलचं पान उजेडाकडं धरून बघायच्या, की पुढचा समास मागच्या समासावर बरोबर बसतो का. नाही बसला तर फाइल परत. फाइलमधल्या लेकराचा नंबर त्यानंतर लागायचा, तोही मॅडमना चहाच्या आत वेळ मिळाला तर.

दुसऱ्या वर्षी सरावासाठी नांदेडच्या एका केंद्रात पाठवलं आणि प्रत्येकीच्या वाट्याला एकेक मूल आलं. त्याला मूल म्हणायचं नाही, केस म्हणायचं. माझी केस मुखेडकडच्या एका खेड्यातली चार वर्षांची पोरगी होती. बोलायची नाही, हाक मारली तर बघायची नाही, आणि तहान लागली की भिंतीवर कपाळ आपटायची. तिची आई तिला घेऊन दर मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीनं यायची. सासऱ्यानं तेवढ्यापुरती परवानगी दिली होती, "बघू काय फरक पडतो ते" अशा अटीवर. पहिल्याच दिवशी आई मला म्हणाली, "मॅडम, बोलली न्हाई तरी चालंल. पाणी तेवढं मागावं." मी मान डोलावली आणि वहीत उद्दिष्टं लिहायला घेतली. आईनं एक सांगितलं होतं, मी बारा लिहिली. बारापेक्षा कमी असली की फाइल बारीक दिसते.

प्रत्येक उद्दिष्टापुढं एक रकाना असायचा. त्यात तीनपैकी एक लिहायचं: साध्य, अंशतः साध्य, असाध्य. हा रकाना शेवटी भरायचा असतो असं पुस्तकात आहे. आमच्यात तो आधी भरायची पद्धत होती. केंद्रातल्या सीनियर ताईनं मला प्रेमानं समजावलं, "असाध्य लिहिलं की बाहेरचे परीक्षक विचारतात, का. अंशतः लिहिलं की विचारतात, किती. साध्य लिहिलं की चहा घेतात." एवढी सोपी गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. एका रविवारी दुपारी होस्टेलच्या गच्चीवर बसून मी बाराच्या बारा साध्य करून टाकली. पाण्याचं उद्दिष्ट सातवं होतं. 'बालिका पाणी मागते. साध्य.' अक्षर फार सुंदर आलं होतं.

खरं विचाराल तर तीन महिन्यांत एकच गोष्ट झाली होती. कधीकधी ती माझं मनगट धरून बाटलीकडं ढकलायची. आठवड्यातून एकदा, मर्जी असेल तर. पहिल्यांदा ढकललं तेव्हा मला रडू आलं होतं, पण ते लिहायला फाइलमध्ये रकाना नव्हता.

परीक्षेच्या दिवशी पालकांना बोलवायची पद्धत. पोरीचा आजोबा, म्हणजे परवानगी देणारा तो सासरा, स्वतः आला, टोपी-बिपी घालून. माणूस चौथी शिकलेला. त्यानं अक्षराखाली बोट धरून अख्खी फाइल वाचली, जी परीक्षकांनीही वाचली नव्हती. बारा वेळा 'साध्य' म्हणाला. मग पिशवीतून शाल आणि नारळ काढला आणि सगळ्यांसमोर माझा सत्कार केला. "बाई, लई उपकार झाले. झालं न्हवं सगळं? आता उगं एसटीचे धक्के कशाला?" परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आई कोपऱ्यात पदर डोक्यावर घेऊन माझ्याकडं बघत होती. मी शाल नीट केली. फोटोत चांगली आलेय मी.

आजोबांनी बारा उद्दिष्टांच्या त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. पुढच्या मंगळवारी पोरगी आली नाही, शुक्रवारीही नाही. खोटं कशाला बोलू, पहिला आठवडा मला बरंच वाटलं. दुसऱ्या आठवड्यात फोन केले, कुणी उचलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी मुखेडची एसटी धरली.

मी पोचले तेव्हा आजी गिलास धरून ओट्यावर बसली होती. पोरगी समोर भिंतीशी, कपाळावर जुनं टेंगूळ, त्यावर नवं टेंगूळ. आजी म्हणत होती, "माग. माग म्हणलं की देते." मला बघून खूश झाली. "बरं झालं आलात बाई. तुमी इतकं शिकवलं आन ही बघा कशी नाटकं करून राहिली. मागता येतं, पर मागत न्हाई. आम्ही बी देत न्हाई, तिच्या तोंडानं मागंस्तोवर." आणि खिळ्याला अडकवलेलं पान दाखवलं. माझंच अक्षर. मुखेडहून लॅमिनेशन करून आणलेलं.

मी आजीच्या हातातून गिलास घेतला आणि पोरीला पाजला. दोन गिलास प्यायली. तोवर आजोबा आणि आईही बाहेर आले होते. मग मी त्या सगळ्यांना सांगितलं, की ते पान खोटं आहे, तिला मागता येत नाही, मी मार्कांसाठी लिहिलं. मला वाटलं होतं म्हातारा शिव्या देईल. त्यानं फक्त विचारलं, "मंग शाल कशाला घेतली?"

मी पान खिळ्यावरून काढून सातव्या ओळीवर काट मारायला गेले, तर लॅमिनेशनवर पेन उमटेना. शेवटी वहीचं पान फाडून नवीन लिहिलं, समास न आखता. एकच ओळ. 'कधीकधी हात धरून बाटलीकडं नेते. तेव्हा लगेच पाणी द्यावं.' म्हाताऱ्यानं अक्षराखाली बोट धरून ते वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं, आणि म्हणाला, "मंगळवारी पाठवतो. लिवलेलं दर महिन्याला मला दावायचं."

आई मला स्टँडपर्यंत सोडायला आली, पोरगी कडेवर. मी म्हणाले, "ताई, तुम्हाला तर ठाऊक होतं, ही मागत नाही ते. त्या दिवशी का बोलला नाहीत?"

ती म्हणाली, "तुमी लिवलं होतं. मला वाटलं, तुमच्यापाशी मागत आसंल. माझ्यापाशीच मागत न्हाई."