वळतं करून घेऊ

दूध घालायच्या वेळेला नानांच्या घरून कधी फोन येत नसे. त्या सकाळी आला, आणि वहिनींनी काही बोलायच्या आधीच मला कळलं, नाना गेले. महिना उलटून गेला. अजून त्या वेळेला फोन वाजला की मी तो लगेच उचलत नाही…

नाना कडा गावाजवळच्या एका खेड्यात दूध सोसायटीचे चेअरमन होते. मी तेव्हा तिथल्या शाळेवर मास्तर, नाना-वहिनींच्याच घरात भाड्याने राहिलेला. सोसायटीची रीत सोपी होती. पेंड उधार न्यायची आणि दुधाच्या पगारातून ती वळती करून घ्यायची. सगळं जग याच रीतीने चालतं असं नाना धरून चालले, आणि तिथेच त्यांचा घात झाला.

जनावरांचा विमा उतरवणाऱ्या एका लहानशा कंपनीची एजन्सी त्यांनी घेतली ती स्वतःच्या नावावर, कारण सोसायटीचा ठराव रखडला होता. सभासदांच्या जनावरांचा विमा मात्र सोसायटीच्या नावाने उतरवला. मग दुष्काळ पडला. मेलेल्या जनावराच्या कानातला कंपनीचा बिल्ला काढून नाना भरपाईच्या अर्जासोबत पाठवत राहिले. भरपाई येईना, आणि ऊसतोडीला निघालेल्यांच्या गाड्या बैलांवाचून अडल्या. तेव्हा कंपनीकडे भरायचे जमलेले हप्तेच नानांनी त्या लोकांच्या हातावर ठेवले. मी म्हटलं, कंपनीला काय सांगणार?

"त्येंच्याकडं आपलंच लई येनं हाय, मास्तर. वळतं करून घेऊ."

पुढे कंपनीच बुडाली. तिची वसुली करून देणी भागवायला सरकारी अवसायक आला. मी नानांबरोबर पुण्याला गेलो. साहेब सभ्य होते, चहाही सांगितला. म्हणाले, "भरपाई सोसायटीला मिळायची आहे, हप्ते तुम्ही द्यायचे आहेत. माणसं वेगळी, त्यामुळे वजावट होत नाही. तुम्ही पूर्ण भरा, सोसायटीने रांगेत थांबावं."

"सायेब, सोसायटी म्हंजे दुसरं कोन हाय? आमीच हाव की."

साहेबांनी चहाचा कप नानांपुढे सरकवला. मला संताप आला तो त्या सभ्यपणाचा. कायदा त्यांच्या बाजूने होता.

नानांनी विहिरीखालचं रान विकून पैसे भरले. सोसायटीला आजवर काही मिळालं नाही, मिळेल असं मला वाटतही नाही. ती बंदच पडली. नाना चारचौघांत बसेनासे झाले. मधूनच, कुणी काही विचारलेलं नसताना, "आमीच हाव की" म्हणत…

घरची एक गाय तेवढी उरली. बिल्ला पडला तर भरपाई बुडते, म्हणून धारेला बसण्याआधी नाना तिचा कान चाचपत. कंपनी गेली तरी ती सवय गेली नाही. मी चिडायचो, आता कुणाला दाखवायचाय तो? ते म्हणायचे, "असू द्या, मास्तर."

परवा गेलो तेव्हा वहिनी धार काढायला निघाल्या होत्या. गाईने मान वळवून कान पुढे केला आणि तशीच उभी राहिली. वहिनींनी चरवी खाली ठेवली, बिल्ल्यावरून बोटं फिरवली.

"हात लावल्याबिगर पान्हा सोडत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि धारेला बसल्या.