आईची बोटं आणि सोडा

काल बेळगावच्या घरी ओटा घासायला खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलं. तो फसफसला आणि मला आमची निपाणीची मोरी आठवली.

आई विड्या वळायची. तंबाखूनं तिची बोटं काळी-पिवळी पडली होती. शाळेत पालकांना बोलावलं, तेव्हा मी म्हटलं, "असल्या हातानं येऊ नगंस."

त्या दिवशी सकाळपासून ती मोरीत सोड्यानं बोटं घासत बसली. कातडी सोलवटून रक्त आलं. "लई घासलं गं, डाग न्हाय जात," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

मी तिला थांबवलं नाही. उलट घरातलं अर्धं लिंबू आणून त्याच बोटांवर पिळलं. सोडा फसफसला आणि ती पुन्हा घासू लागली.

शाळेत ती शेवटपर्यंत हात पदराखाली लपवून बसली, आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं.