गिटारची घरघर शांत करणाऱ्या इंदिराबाई

आदरणीय इंदिराबाई बिसेन यांना मी पहिल्यांदा पाहिले ते गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या त्यांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात. धानाला पाणी देणाऱ्या पंपांच्या जळालेल्या मोटरी दारापासून आतपर्यंत मांडलेल्या होत्या आणि बाई एका मोटरीतून काळी पडलेली तार उपसत होत्या. मी फुलचूरहून गिटार पाठीला बांधून स्कूटरने आलो होतो.

तेव्हा मी झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीत इलेक्ट्रिक गिटार वाजवत असे. मंचावरचे दिवे मंद होऊ लागले की माझी गिटार घरघरू लागे. नुकत्याच झालेल्या प्रयोगात आई मुलीला निरोप देत असताना ती इतकी घरघरली की प्रेक्षक हसले. दिग्दर्शकांनी बजावले, "पुढच्या प्रयोगापर्यंत हे थांबलं नाही, तर गिटार नको." गोंदियातल्या एका रेडिओ मेकॅनिकने "सस्ता माल है, ऐसाही बजेगा" म्हणून मला परत पाठवले होते.

बाईंनी त्याआधी गिटार कधी उघडली नव्हती. तारांखालच्या पिकअपमध्ये चुंबक आणि केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी असते, एवढे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "गुंडाळी असन तर पाहतो." झाकण काढून त्यांनी आत नजर टाकली.

"काऊन रे, हे अर्थिंग तीन-तीन ठिकानी कायले जोडलास?"

"जास्त अर्थिंग दिलं तर आवाज कमी होईल असं वाटलं."

"उलटा वाढते. साऱ्या तारा एकाच जागी आन."

मला चांगलाच राग आला होता, कारण ती जोडणी मी मोठ्या हौसेने केली होती. तरी मी त्यांच्यासमोर बसून ती सोडवली. मग बाईंनी आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला आणि तोही त्याच एका जागी जोडून घेतला. आतल्या साध्या लांब तारेऐवजी जाळीचे वेष्टण असलेली तार घातली. दुसऱ्या दिवशी दोनपैकी एका पिकअपखालचे चुंबक उलटे बसवून त्यांनी त्याच्या तारांची टोके बदलली. दोन्ही पिकअप एकत्र चालू केले तेव्हा दोघांची घरघर एकमेकींना खोडून जवळजवळ नाहीशी झाली आणि सूर तसाच भरदार राहिला. मी आनंदाने उठून उभा राहिलो. बाईंनी मला लगेच सावध केले: "एकच चालू ठेवशीन तर थोडी घरघर राहीनच. सारी गेली म्हनून कोनाले सांगू नको." जेवढे काम झाले तेवढेच सांगायचे, हा त्यांचा बाणा मी पुढे कित्येक वेळा पाहिला.

माझे मंडळीतले स्थान वाचले. पुढे अर्जुनी, देवरी, सडक अर्जुनीकडचे वादकही त्यांच्याकडे येऊ लागले. एकदा मी आग्रह करून बाईंना प्रयोगाला नेले. पदे कशी वाटली, असे विचारले तर म्हणाल्या, "ते बाई रडत होती ना, तवा तुही गिटार चूप होती. मी तेच आयकत होती." इतके मोठे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही.

बाईंना मूलबाळ नाही. यजमान गेल्यावर दुकान त्यांनी एकटीने चालवले. मी पुण्याला स्टुडिओत नोकरीला निघालो, तेव्हा त्यांनी चहा पुढे ठेवून विचारले, "इथंच बस ना. वाइंडिंग शिकवतो तुले." मी मान खाली घातली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. उरलेला तांब्याचा पत्रा गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "तिकडं लागन."

पुण्यात सगळे स्वच्छ ऐकू येते. पण दुपारी काम थांबले की मला तापलेल्या वार्निशचा वास आठवतो, तारेचे वेढे पुटपुटत मोजणारा बाईंचा आवाज आठवतो आणि हातातले काम पुढे सरकत नाही. मागच्या भेटीत त्यांच्या बोटांना कंप सुटलेला दिसला. मी सोल्डर करत होतो आणि बाई बॅटरी धरून होत्या. प्रकाश सारखा हलत होता.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या लेखासाठी फोन केला तेव्हा मी अखेर विचारले, "बाई, मी महिनाभर आलो तर वाइंडिंग शिकवाल?"

मग त्या म्हणाल्या, "एवढी वर्सं कायले लावलास? ये. हात तुहे, डोये माहे."

दिवाळीनंतर मी येतो आहे. बाईंच्या पंचाहत्तरीला माझे मागणे आपमतलबी आहे, ते सर्वांनी समजून घ्यावे. मी सावकाश शिकणारा माणूस आहे. मला पहिला वेढा नीट जमेपर्यंत, आणि त्यानंतर माझ्या हजार चुकांवर रागावता येईल इतकी वर्षे, बाईंना ठणठणीत आयुष्य लाभो.