राणी खान्देशकडे बघायची

भास्कर गेला त्या सकाळी मी मांडवगडच्या सहलीची यादी करत होतो. सुनंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठतच नाहीयेत..." एवढंच त्या बोलल्या. धुळ्याच्या दुसऱ्या टोकाहून मी पोहोचलो, तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माजी विद्यार्थी, शाळेचे शिपाई, भाजीवाल्या बाया... त्या गर्दीत माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते आता सहा आठवड्यांनी कबूल करतो. माझ्या वेळी एवढी माणसं येतील का?

एकाच शाळेत आम्ही अठ्ठावीस वर्षं काढली. मी इतिहास शिकवायचो, तो पी.टी. मांडवगड त्याला दाखवला तो मी. सेंधव्याच्या पुढे, डोंगरावर सुलतानांचं एक आख्खं शहर आहे, महाल आहेत, तळी आहेत, पोट सुटलेल्या बुंध्यांची गोरखचिंचेची झाडं आहेत, हे त्याच्या गावीही नव्हतं. पहिल्या खेपेला मी दरवाजा न् दरवाजा समजावून सांगितला. तो "हा, हा" करत शेंगा खात होता. पुढच्या थंडीत चार कुटुंबांची जीप निघाली, तेव्हा भास्करसाहेबांनी टपावर शेतातली हिरवी वांगी आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा बांधला. डोंगरावर लाकडं मिळत नाहीत का, असं मी विचारलं.

"कपाशीन्या काड्या नहीत, ते भरीत कसानं, भो?"

तेव्हापासून मांडवगड म्हणजे भास्करचं भरीत. तिथल्या थंडीतल्या उत्सवाचे दिवे आणि गाणी बघायला म्हणून निघालेली मंडळी आमच्या चुलीभोवतीच बसून राहायची. त्याच्या हातचं भरीत चांगलं व्हायचं, हेही मला सोसायचं नाही.

गडाच्या टोकावर सुलतानाच्या राणीचा मंडप आहे; तिथून खाली निमाडचा सखल मुलूख पसरलेला दिसतो, हवा स्वच्छ असली तर नर्मदेची रेघही. नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय राणी जेवत नसे, ही तिथली आख्यायिका मी सांगत होतो. भास्करने मध्येच तोंड घातलं. "नर्मदा कसानी! राणी खान्देशकडे देखे. भरीतना धूर दिसना का तिले भूक लागे." सगळे पोट धरून हसले आणि माझी टिपणांची वही उघडीच राहिली. दरवर्षी ही थाप वाढत गेली. मग राणीचे घोडेस्वार वांगी आणायला खान्देशात, भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या असोद्यापर्यंत दौडू लागले. एकदा मी त्याला सगळ्यांदेखत झापलं, इतिहासाची चेष्टा करतोस म्हणून. तो मुळीच चिडला नाही. "तुनं बठ्ठं खरं शे, भो. पन लोकेसले मनंच आवडस, त्याले मी काय करू?"

माझं सगळं खरं, पण लोकांना त्याचंच आवडतं, हे तोंडावर ऐकून परतताना मी मुद्दाम जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्याने मात्र सेंधव्याला आठवणीने माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगितला. अशा माणसावर धड रागावताही येत नाही. मी नुसता जळत राहिलो.

"दरसालचं चुकवू नका," असं म्हणून वहिनींनी यंदाही वांग्यांची पिशवी दिली. गेल्या आठवड्यात आम्ही गेलो. मनातून मी... काय लपवायचं... थोडा सुखावलोही होतो. यंदा मला अडवणारं कुणी नव्हतं. वही घेऊन मंडपावर चढलो, तर एक गाईड इंदूरच्या कुटुंबाला सांगत होता, "रानी यहीं से खानदेश का धुआँ देखती थी."

अंगाचा तिळपापड झाला. "ये किसने बताया?"

"धूलियावाले भाऊ ने," तो अदबीने म्हणाला. "इतिहास के बड़े मास्टर हैं." मग माझ्याकडे निरखून बघत त्याने विचारलं, "आप तो उनके साथ आते थे न? इस बार भाऊ नहीं आए?"

भाऊ गेले, असं मी सांगितलं. तो मटकन पायरीवर बसला. त्याने डोळे पुसले, तेव्हा मलाही रडू आलं, आणि तरी त्या 'बड़े मास्टर'ची कळ छातीतून हलेना. कुटुंबातल्या बाई हातात फोन धरून थांबल्या होत्या. "ये धुएँवाली बात सच है क्या?" त्यांनी मला विचारलं.

अठ्ठावीस वर्षांचा इतिहास जिभेवर होता.

"सच है," मी म्हणालो. "बैंगन असोदा से आते थे."

बाईंनी ते टिपून घेतलं. मांडवगडावर माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याची ती पहिलीच वेळ.