एस्तेरबाईंची गाठींची दोरी

आधी सोनाबाईचं नाव घेते, मग बाकीचं. एस्तेरबाईंच्या शेवटच्या तापात त्यांच्या तोंडात पाणी घालणारी सोनाबाई, त्यांना अखेरची आंघोळ घालणारी सोनाबाई, आणि खड्डा खणायला माणसं उभी करणारीही तीच. सोनाबाई हे तिचं खरं नाव नव्हे. ती कुठल्या घरची हे मी सांगणार नाही, आणि आमच्या गावाचं नाव तर नाहीच. बीड जिल्ह्यात, कपिलधारच्या वाटेवर, जागिरीतलं एक गाव, एवढं पुरे. आमच्याकडं छापील कागद फारसे जात नाहीत. तरी एखादा गेलाच तर... ही धाकधूक मनात ठेवूनच लिहायला बसले आहे. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, तेही अर्धं. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

बातमी इथं वाडी जंक्शनला आली ती माणसाच्या तोंडून. माझे मालक रेल्वेत कामाला आहेत. शहाबादी फरशीची एक खोली, आजूबाजूला कानडी नि तेलगू बोलणारे शेजारी. सोनाबाईच्या माहेरचा एक माणूस माल चढवायच्या कामावर आला आणि विचारत विचारत आमच्या दारात उभा राहिला. कमरेला दोरी गुंडाळलेली. ओझ्याची असेल असं मला वाटलं. त्यानं ती सोडून उंबऱ्यावर ठेवली, तेव्हा टोकाची तांबडी चिंधी दिसली, आणि तो बोलायच्या आधीच मला सगळं कळलं.

"मास्तरीणबाई गेल्या," तो म्हणाला. "महिना होत आला. आक्कानं ही दोरी तुमाला द्यायला सांगितली. आन् इचारलंय, नाव ध्यानात हाय का?"

"काय?"

"एवढंच इचार म्हनली. कुनाचं नाव, कावून, ते मला न्हाई सांगितलं. लई खोदून इचारलं तर रडाय लागली."

"आहे म्हणावं," मी म्हटलं. "ध्यानात आहे."

एस्तेरबाई आमच्या गावात आल्या त्या मिशनच्या शाळेत शिकवायला. आमची वस्ती गावाबाहेर, दुष्काळानंतर ख्रिस्ती झालेली मोजकी घरं. प्रार्थनेची पत्र्याची खोली, तीच शाळा, आणि तिच्यामागं आमचं दफनस्थान. बाई नगरकडच्या, अनाथाश्रमात वाढलेल्या. मोठ्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर असताना त्यांची आई मेली आणि एकाच खड्ड्यात पुष्कळ जणांना घातलं त्यांतच तिलाही घातलं. "माझी आई कुठं आहे विचारलंस, तर मी अख्ख्या मुलखाकडं बोट दाखवीन," असं त्या म्हणायच्या. हे रडून नव्हे, चिडून. चिडणं हा त्यांचा स्वभावच. खडू नखाएवढा उरेपर्यंत टाकू द्यायच्या नाहीत, फाटक्या छत्रीच्या दांड्यानं फळा बडवायच्या, आणि "वेंधळी!" हा शब्द तर माझ्याइतका त्यांच्याकडून कुणी खाल्ला नसेल. तिसरीत असताना बापानं मला शाळेतून काढलं. मजुरीला हात हवे होते. बाई आमच्या दारात येऊन बापाशी भांडल्या आणि हरल्या. पुढं माझं लग्न झालं, मालक नोकरी शोधत इकडं आले आणि मी माहेरीच राहिले, तेव्हा त्यांनीच मला पुन्हा पाटीसमोर बसवलं. डोक्यावर पदर घेतलेली मी आणि शेजारी सहा वर्षांची पोरं! लाज वाटायची. आज हे जे काही लिहिते आहे ते त्या लाजेतून आलेलं आहे.

जागीर एका म्हाताऱ्या बेगमसाहेबांची होती. त्या पडद्यात, कारभार कामदाराच्या हाती. ओढ्याकडची पड जमीन कापसाखाली आणायची हे कामदाराच्या मनात फार दिवस होतं. त्याच पडीत एका अंगाला बेगमसाहेबांच्या घराण्याचं कबरस्तान, दुसऱ्या अंगाला आमचं दफनस्थान, आणि दोहोंच्या मधे एक लांबलचक रुंद बांध. बेगमसाहेबांनी हुकूम दिला की जिथं माणूस पुरलेलं आहे तिथं नांगर जाणार नाही. मात्र कुठं कोण आहे त्याची नावानिशी नोंद झाली पाहिजे. घराण्यातल्या बायकांच्या कबरी परपुरुषानं मोजाव्यात हे त्यांना पटेना, म्हणून उर्दू नि मराठी दोन्ही लिहिता येणाऱ्या एस्तेरबाईंना बोलावणं आलं. दोरीचं दुसरं टोक धरायला आणि सांगतील ते लिहून घ्यायला त्यांनी मला घेतलं.

दोरी अंबाडीची. हाताहातावर एक गाठ, माझ्याकडच्या टोकाला तांबडी चिंधी. "ओली होऊ देऊ नकोस गं. ओली दोरी आखडते, आणि मग खोटं बोलते," हे रोज एकदा ऐकावं लागे. आधी घराण्याचं कबरस्तान झालं. तिथं पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा आणि बाईच्या कबरीवर नुसती सपाट पाटी. बाई छत्री टेकून उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "बघ मार्था, मेल्यावरसुद्धा पाटी आपल्याकडं आणि लेखणी त्यांच्याकडं." मी हसले तर म्हणाल्या, "हसू नकोस, लिही."

आमच्या दफनस्थानात दगड नव्हतेच. मातीचे ढीग बसून जमिनीला मिळालेले. तिथं बाईंनी पाण्याची युक्ती काढली. तांब्यातून बारीक धार सोडत चालायचं; पूर्वी उकरलेली माती पाणी गटकन पिते, न उकरलेल्या जमिनीवरून ते पुढं वाहून जातं. अशी कड सापडली की दोरी टाकायची. मग ज्याची कबर त्याचं नाव बाई मोठ्यानं म्हणायच्या, मी लिहायची, आणि त्या क्षणभर डोळे मिटायच्या. त्यांची तशी रीतच होती. त्यात आम्हा दोघींना काही वावगं दिसलं नाही.

बांधावर आमचं कुणी नव्हतं. तिथं गावातल्या शेतकरी घरांची तान्ही लेकरं. त्यांच्यात मोठ्या माणसाला जाळतात, पण अंगावरचं लेकरू पुरतात. वर मीठ घालतात, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्या रचतात, आणि पुन्हा त्याचा विषय काढत नाहीत. बहुतेकांना नावच नसतं, बारशाआधीच गेलेली. त्या बांधावर नांगर फिरणार हे गावातल्या बायकांना कळलं होतं. गडीमाणसं बाजाराला गेलेली एक दुपार गाठून सोनाबाई आली. डोक्यावर शेणाची पाटी, उभी राहिली ती लांबच. तिच्या घरी आम्हाला पाणी मिळे ते ओंजळीत, वरून ओतलेलं.

"मास्तरीणबाई, ह्या तरवडाखाली माझी हाय. तिला बी लिवा."

"नाव?"

"नाव न्हाई. बारसं व्हायच्या आदीच गेली."

"नाव नसेल तर कामदार नोंद धरणार नाही, बाई."

सोनाबाईनं डोक्यावरची पाटी सावरली. मग म्हणाली, "एक मनात हुतं... कुनाला सांगितलं न्हाई कदी."

"तेच सांग."

तिनं पाटी खाली ठेवली, चार पावलं जवळ आली, आणि सांगितलं. बाईंनी तरवडाच्या झुडपाच्या बुडाशी पाण्याची धार सोडली, इवलीशी कड सापडली, दोरीची एक गाठसुद्धा पुरती लागली नाही. बाईंनी नाव म्हटलं. सोनाबाई म्हणाली, "परत म्हना." बाईंनी परत म्हटलं. मग तिनं पाटी उचलली आणि मागं न बघता गेली.

त्यानंतर एकेक जण येऊ लागली. एक म्हातारी म्हणाली, "माझं पोरगं लई किरकिरं हुतं, त्याला जरा दणकट नाव लिवा, तिकडं तरी गप बसंल." आणि हसता हसता तिथंच खाली बसून रडली. बाईंना मी कधी रडताना पाहिलं नाही, पण त्या दिवशी त्या मला एकदाही वेंधळी म्हणाल्या नाहीत.

मेंढ्या राखणाऱ्या एका माणसानं हे टेकाडावरून पाहिलं. काय पाहिलं? बाईंच्या हातात तांब्या, मातीवर पाणी, तोंडी नाव, मिटलेले डोळे. आमच्यात बाप्तिस्मा असाच होतो हे गावाला ठाऊक होतं. दिवस मावळायच्या आत घरोघर झालं, मास्तरणीनं मेलेली लेकरं बाटवली.

चावडीत बोलावलं तेव्हा कामदार हसतच होता. "काय बाई, जित्या मानसांनी पोट भरंना का तुमचं? मेल्यावर तरी सोडा लेकरांना." त्याचा मला राग आला, पण खरं काळीज हललं ते दुसऱ्या एका शेतकऱ्यामुळं. तो उभा राहिला. "आमच्या लेकरांनी तुमचं काय वाईट केलं हुतं? कावून केलं, बाई? ती आता आमच्यात परत जल्माला कशी येतील?"

"पाणी मातीला घातलं, दादा," बाई म्हणाल्या. "कड सापडावी म्हणून."

"आन् नावं? नावं कुनी सांगितली?" कामदारानं विचारलं.

भिंतीआड बायका उभ्या होत्या. मला त्यांचे पदर दिसत होते, म्हणजे बाईंनाही दिसतच असणार. बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"कुणी नाही. मी माझ्या मनानं घातली."

त्या एका वाक्यानं त्यांचं सगळं संपलं. तरी गावानं देवळात नेऊन एकेकीला शपथेचा बेलभंडार उचलायला लावला, की मी नाव सांगितलं नाही. सगळ्यांनी उचलला. परतताना मी तणतणत होते, तर बाई म्हणाल्या, "बरं केलं त्यांनी. त्यांना त्याच घरांत निजायचं आहे."

बांधाची पानं नोंदीतून काढली गेली. बेगमसाहेबांनी पडद्याआडून एवढंच म्हटलं, "मैं क्या करूं बीबी, गाँव बिगड गया तो जागीर कैसे चलेगी?" फेरीवर आलेल्या पाद्रीसाहेबांनी बाईंना शाळेवरून कमी केलं. आमच्या लोकांना शेतांत काम मिळेना, विहिरीवर पाणी मिळेना. एकेक घर उठून नगरकडं गेलं, आणि जाताना प्रत्येकानं शिव्या दिल्या त्या गावाला नव्हे, बाईंना. माझ्या बापानंही दिल्या. "तिला गावाच्या मढ्यांची दया आली, आन् आमी जित्ते उठलो," तो म्हणाला, आणि ते खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही... मालकांनी मला वाडीला बोलावलं तेव्हा वस्तीत बाई एकट्याच उरल्या होत्या. चला म्हटलं, तर म्हणाल्या, "आपल्या माणसांवर नांगर येतो का, ते बघायला कुणीतरी हवं." गाडीपर्यंत सोडायला आल्या त्या रस्ताभर शुद्धलेखनाच्या सूचना करत, आणि गाडीत बसताना त्यांनी मला नवी पाटी दिली.

आमचं दफनस्थान राहिलं. बांधावर मात्र त्याच साली नांगर फिरला. तिथं कापूस लई फुटला म्हणे. वेचणीला गावातली एकही बाई त्या पट्ट्यात गेली नाही. कामदारानं बाहेरगावच्या आणल्या.

पुढचं त्या माणसानं उंबऱ्यात बसून तुटक तुटक सांगितलं. बाईंच्या चुलीचा धूर दिसेना म्हणून सोनाबाई डोकावली, तर त्या प्रार्थनेच्या खोलीत तापानं फणफणलेल्या. वरून पाणी ओतणाऱ्या घरची ती बाई, तिनं मांडीवर डोकं घेऊन त्यांना पाणी पाजलं. गेल्यावर अंग धुतलं. आमच्यातलं कुणी उरलं नव्हतं, पाद्रीसाहेब लांब. आमच्या दफनस्थानाच्या कडेला, नांगरलेल्या बांधाला लागून, खड्डा खणला.

"तुमच्यात काय करतेत, ठावं न्हवतं," तो म्हणाला. "मंग आमच्यात लेकरांना करतेत तसंच केलं. मीठ घातलं, काट्या रचल्या."

"नाव घेतलं कुणी?"

त्यानं मान हलवली. "नाव कुनाला ठावं? सगळे मास्तरीणच म्हनायचे. आक्का बी तेवढंच म्हनली."

ज्या बाईनं गावच्या लेकरांना नावं दिली ती 'मास्तरीण' एवढ्याच शब्दावर मातीत गेली. त्या खड्ड्याची लांबीरुंदी कुणी मोजली नाही. कुठल्याही नोंदीत ती जागा नाही, आणि कामदार अजून तोच आहे.

दोरी मी खुंटीला टांगली आहे. आमचं छप्पर गळतं, म्हणून पावसाचं वातावरण दिसलं की आधी ती काढते, मग अंथरूण. शेजारीण कानडीत काहीतरी म्हणून हसते. तिला काय सांगणार? परवा दार लावून मी दोरी फरशीवर लांब पसरली, तर मधल्या एका गाठीत लाल माती अजून बसलेली दिसली. मी ती झाडली नाही.

सोनाबाई, तुला वाचता येत नाही आणि हे कुणी तुला वाचून दाखवावं असंही मला वाटत नाही. पण लिहून ठेवते. तुझ्या लेकीचं नाव आता तुला आणि मला, दोघींनाच ठाऊक आहे. ते मी इथं छापू दिलं नाही. एक दिवस मी येईन. चिंधीचं टोक तुझ्या हाती देईन, दुसरं मी धरीन, आणि आपण एस्तेरबाईंची माती मोजू, एस्तेरबाई म्हणू. मग कापसाच्या त्या पट्ट्यात जाऊ, तो तरवड होता तिथं, आणि तुझ्या लेकीला मी तिच्या नावानं हाक मारीन. मोठ्यानं. तू 'परत' म्हणशील तितक्यांदा.