सगुणाबाईंचे खणांचे ताट

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये सगुणाबाई थेटे यांना एकोणीस वर्षे झाली होती. तेवढ्या काळात तीन मॅनेजर बदलले, जुनी लेथ मशिने भंगारात गेली, संगणकावर चालणारी यंत्रे आली. पण दुपारी साडेबाराला भाताचे पातेले उतरले नाही, असा दिवस कुणाला आठवत नव्हता.

निफाडकडच्या त्यांच्या सासरी गावची पंगत सासऱ्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून जेवायला बसत नसे. मीठ सर्वांत आधी, पानाच्या माथ्याशी. डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी. एखाद्याने चटणी उजवीकडे वाढली, तर म्हातारा ओरडत नसे. मुकाट्याने पान उचलायचा आणि दुसरे मांडायला लावायचा. ती शिस्त सगुणाबाईंनी कँटीनच्या स्टीलच्या, खणांच्या ताटांतही आणली होती.

जुलैत पोलंडहून मार्टा नावाची इंजिनिअर आली. नवे यंत्र बसवून चालू करून द्यायला तिला सहा आठवडे लागणार होते. ती येण्याच्या आदल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी सगुणाबाईंना बोलावून घेतले.

"मावशी, या बाईंना शेंगदाणा चालत नाही. चिमूटभर पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास अडतो. उगाच जोखीम नको. त्यांचा डबा हॉटेलातून मागवू."

आपल्याकडे दाण्याचा कूट कशात नसतो? भाजीत, कोशिंबिरीत, उपासाच्या दिवशी तर सगळ्यातच. तरीही सगुणाबाई म्हणाल्या, "पाहुणी आपल्या दारात आन् जेवण दुसऱ्याच्या घरचं? नाय साहेब. सहा आठवडे कूट बंद, सगळ्यांनाच. तिच्या ताटाची जबाबदारी माझी."

शब्द देऊन झाला. कामगारांनी चार दिवस कुरकुर केली आणि मग बिनकुटाची भाजी गोड मानून घेतली. अडचण राहिली ती भाषेची. मार्टा रोज ताटाकडे बोट दाखवून विचारी, खरेदी विभागातला योगेश तो प्रश्न मराठीत आणी, सगुणाबाई उत्तर देत आणि ते उत्तर योगेश इंग्रजीत परत नेई. जबाबदारी आपली आणि ग्वाही दुसऱ्याच्या तोंडून, हे सगुणाबाईंना रुचत नव्हते. एकदा त्यांनी स्वतःच बोलून पाहिले : "मॅडम, भाजी इन पीनट नॉट इज."

योगेश मोठ्याने हसला. "मावशी, भाजीला फोडणी द्या, इंग्रजीला नको!"

त्या दिवसापासून सगुणाबाई तीनच्या चहाला स्टोअरमधल्या मोहिनीजवळ बसू लागल्या. नाशिक रोडहून बसने येणारी ही मुलगी लग्नाआधी शिकवण्या घेत असे.

"मावशी, तुमचे शब्द चुकत नाहीत, जागा चुकते," मोहिनी म्हणाली. "हे बघा. 'योगेशला मांजर चावलं', 'मांजर चावलं योगेशला', 'चावलं योगेशला मांजर'. कसंही म्हटलं तरी चावलं कोणाला?"

"योगेशलाच. त्याच्या गळ्यात 'ला' बांधलाय ना!"

"इंग्रजीत गळ्यात काही बांधत नाहीत. कोण कुठे बसलंय त्यावर ठरतं. करणारा आधी, मग त्याचं करणं, मग ज्याला केलं तो. योगेशला पहिल्या जागी बसवलंत, तर त्यानंच मांजराला चावलं!"

सगुणाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग उठल्या आणि एक रिकामे ताट घेऊन आल्या. "थांब. हा पहिला खण करणाऱ्याचा. दुसरा करण्याचा. तिसऱ्यात, जे केलं ते. 'कुठं' आन् 'कधी' वाट्यांत, शेवटाला. असं?"

"अगदी असंच!" म्हणत मोहिनी चिठ्ठ्यांवर शब्द लिहायला बसली.

दुसऱ्या दिवसापासून शब्दांच्या चिठ्ठ्या ताटात मांडल्या जाऊ लागल्या. 'आय कुक राइस.' 'शी ईट्स राइस हिअर.' 'इज'च्या वाक्यात प्रश्न विचारताना पहिल्या दोन खणांची अदलाबदल होते, हेही त्यांना लवकर उमगले. अडल्या त्या 'इट इज हॉट' या वाक्यापाशी.

"गरम होतंय, एवढंच ना? मग हे 'इट' कोण?"

"कोणी नाही. पण पहिला खण रिकामा ठेवायचा नाही."

सगुणाबाईंनी ताटाच्या पहिल्या खणावर बोट ठेवले. "म्हणजे मिठासारखं. नुसतं कोणी खात नाय, पण वाढल्याबिगर पान पुरं होत नाय."

चौथ्या आठवड्यात भागीबाई कामावर परतली. पेठकडची ही मदतनीस भातलावणीसाठी महिनाभर गावी गेली होती. पाहुणी आल्याचे तिने फोनवर ऐकले होते, म्हणून येताना नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, काळी चटणी घेऊन आली. सगुणाबाईंना आनंदच झाला. खुरासणीत शेंगदाण्याचा संबंध काय? जेवणाच्या गर्दीत त्यांनी स्वतः भाकरी आणि चटणी मार्टाच्या ताटात वाढली.

मार्टाने चटणीकडे बोट दाखवून योगेशला विचारले. योगेश आता सराईत झाला होता. "नो पीनट्स, मॅडम. खुरासणी. ओन्ली सीड्स."

मार्टाने भाकरीचा तुकडा मोडला. इकडे भागीबाई सगुणाबाईंच्या कानाशी लागली, "बाईला कडू लागंल म्हनून वाईच शेंगदाणं वाटून घातलंय. गोरी मानसं, त्यांना कडू कुठलं खपायला?"

सगुणाबाईंच्या हातातला डाव वरणात पडला. कूट बंद केल्याचे त्यांनी सगळ्यांना बजावले होते. भागीबाई तेव्हा गावी होती आणि तिला सांगायचे राहून गेले होते.

"मॅडम, नो!"

मार्टा थबकली, पण तुकडा हातातच होता. तिने योगेशकडे पाहिले. योगेश हसत म्हणाला, "मावशी, घाबरू नका, खुरासणीच आहे ती. मला माहीत आहे." आणि मार्टाला त्याने मान हलवून खुणावले, खा.

इंग्रजी येणारा खा म्हणत होता. सगुणाबाई काउंटरला वळसा घालून समोर येऊन उभ्या राहिल्या. मनात त्यांनी ताट मांडले. पहिला खण, दुसरा, तिसरा.

"दिस चटणी हॅज पीनट्स," त्या सावकाश, मोठ्याने म्हणाल्या. "यू डोन्ट ईट इट."

मार्टाने तुकडा खाली ठेवला. योगेशच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. भागीबाईला काय घडले ते समजले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. "तुझी चूक नाय भागे," सगुणाबाई म्हणाल्या, "सांगायची मी चुकले." मग त्यांनी ते ताट उचलले, मार्टाला हात धुवायला लावले आणि नव्या ताटात सगळे पुन्हा वाढले. चटणी लागू न दिलेली अखंड भाकरी, वरण, भाजी.

मार्टाने ती भाकरी आवडीने खाल्ली आणि भागीबाईकडे पाहून दुसरी मागितली. जेवण झाल्यावर ती बराच वेळ सगुणाबाईंशी बोलत होती. योगेशने ते खाली मान घालून मराठीत आणले. "त्या म्हणतात, त्यांच्या भाषेतही शब्द कुठेही बसलेले चालतात. लहानपणी इंग्रजी शिकताना त्यांचीही अशीच तारांबळ उडायची. तुम्ही कशा शिकलात, विचारतायत."

सगुणाबाईंनी खणांचे एक ताट उचलून दाखवले. मार्टाला त्यातून काय कळले कोण जाणे, पण ती मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्टा योगेशच्या खुर्चीपाशी न थांबता थेट काउंटरशी आली आणि ताटाकडे बोट दाखवून सगुणाबाईंकडे पाहू लागली.

"नो पीनट्स," सगुणाबाई म्हणाल्या. "आय मेड इट."

मार्टा ताट घेऊन निर्धास्त जेवायला बसली. मागून योगेशचा आवाज आला, "मावशी, माझी नोकरी गेली म्हणायची!"

"तुझी कशानं जाईल? रिकामा उभा हायेस तर ये इकडं, मीठ वाढ. सगळ्यांत आधी, माथ्याशी."