डबल स्पीडचे डॉक्टर

छोट्या सरकारी दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर पाठवले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ओपीडीत आपोआप साचतात.

आता हा माझ्या हाताखालचा अनिकेत. हुशार पोरगं, पण सगळा अभ्यास मोबाइलवर. लेक्चरचे व्हिडिओ डबल स्पीडनं बघायचे. एकदा शिरड शहापूरची एक आजी आपलं दुखणं सांगत होती. आधी म्हैस, मग सून, मग गुडघा, असं सावकाश.

आमचे अनिकेत साहेब म्हणाले, "आजी, जरा फास्ट सांगा."

"काहून? गाडी सुटून राहिली का तुमची?"

एकदा नाडी बघ म्हणालो, तर यानं पेशंटचं बोट मोबाइलच्या कॅमेऱ्यावर ठेवलं. म्हणे अ‍ॅप आहे. अरे, मनगट तिथंच होतं की!

मग त्याला एका पेशंटची हकीकत लिहून आणायला सांगितली. यानं नेटवरची तयार उचलली, नाव तेवढं बदललं. "पेशंट गेल्या महिन्यात समुद्रकिनारी जाऊन आला," हा वाचतोय. पलंगावरचा म्हातारा उठून बसला.

"साहेब, म्या बाळापूरच्या बाजारापलीकडं गेलो न्हाई. समुद्र कुठून आणला तुमी?"

वॉर्ड हसला. माझं डोकं फिरलं.

इंटरनेटला मी नावं ठेवत नाही. औषधाचा डोस मीही तिथंच तपासतो. चीड येते ती माणूस समोर असताना स्क्रीनकडे बघण्याची.

एके दिवशी सकाळी सिद्धेश्वर गावाकडून एक बाई विशीतल्या मुलाला घेऊन आली. रात्री जमिनीवर झोपला होता, पहाटेपासून पोटदुखी. जखम नाही, सूज नाही. अनिकेतनं अ‍ॅसिडिटीची गोळी लिहून घरी जायला सांगितलं. बाई दारातच अडली.

"पण साहेब, त्याचे डोळेच उघडून न्हाई राहिले."

"झोप झाली नसेल."

हे शेजारच्या टेबलावर मला ऐकू आलं. उठून मुलाच्या पापण्या बघितल्या, तर त्या पडलेल्या. मण्यार चावली होती. तिचा दंश दिसतही नाही. आधी पापण्या पडतात, मग श्वास थांबतो. सर्पदंशाचं इंजेक्शन सुरू केलं आणि अँब्युलन्समध्ये त्याला श्वास देत मीच हिंगोलीला घेऊन गेलो. पोरगं वाचलं.

परतलो तो रागानंच. "मण्यारीबद्दल कधी वाचलंच नव्हतंस का?"

अनिकेतनं मान खाली घालून मोबाइल पुढे केला. अ‍ॅपवर त्याच सकाळी सोडवलेला प्रश्न होता. जमिनीवर झोपलेला तरुण, पोटदुखी, पडलेल्या पापण्या. उत्तर मण्यार. पुढे बरोबरची हिरवी खूण.

"मग इथं काय झालं?"

"सर, तिथं चार पर्याय दिले होते."